अमालिया लिंडग्रेन

चित्रकलेच्या इतिहासांत इटली, हॉलंड, फ्रान्स ह्या देशांचीं नांवें आपण वारंवार वाचतों. स्वीडनचें नांव क्वचितच येतें. त्या हिमप्रदेशांतील एका चित्रकर्त्रीची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

अमालियेचा जन्म १८१४ सालीं स्टॉकहोम येथें झाला. ती अवघी तीन वर्षांची असतां तिची माता निवर्तली आणि एका सरदारघराण्यांतील विधवा बाईनें तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. अन्नवस्त्राची ददात राहिली नाहीं खरी. पण परक्याच्या उपकारावर वाढणाऱ्या मुलाच्या मनाला काय वाटतें, हें ज्याचें त्यालाच ठाऊक! पुढें तिच्या चित्रांत लहान मुलें इतक्या वेळां कां येतात, ह्याचें मूळ येथेंच असावें असें मला वाटतें.

तिचीं रेखाटनें पाहून मूर्तिकार क्वार्नस्ट्रोम ह्यांचें लक्ष तिच्याकडे वेधलें. परंतु नुसते गुण असून काय उपयोग? स्टॉकहोमच्या राजाश्रित कलापीठांतील शिक्षण पुरुषांसाठींच असे. १८४९ सालीं चार स्त्रियांना खास सवलत म्हणून तेथें घेण्यांत आलें. त्यांपैकीं अमालिया एक. तेव्हां तिचें वय सुमारें ३५ वर्षांचें होतें. ज्या वयांत इतर चित्रकार नांव मिळवून बसतात, त्या वयांत ही बाई विद्यार्थिनी झाली. पुढच्याच वर्षीं कलापीठानें तिला परदेशीं अभ्यासासाठीं प्रवासवृत्ति दिली. ही वृत्ति मिळविणारी ती पहिली स्त्री होय. पॅरिसमध्यें कोनिये ह्या चित्रकारापाशीं ती शिकली. नंतर म्यूनिक व रोम येथें राहून १८५६ सालीं स्वदेशीं परतली आणि त्याच वर्षीं कलापीठाची सभासद झाली.

राणी लोविसा हिच्यासारख्या थोर व्यक्तींच्या तसबिरी तिनें काढिल्या. पण लोकांच्या मनांत ती राहिली ती दालार्ना प्रांतांतील शेतकऱ्यांच्या चित्रांमुळें. ‘दालार्नांतील घरीं रविवारची सायंकाळ’ (१८६०) ह्या चित्रांत कोणताहि मोठा प्रसंग नाहीं. कामकरी कुटुंबाची विसाव्याची वेळ आहे, इतकेंच. ह्याहूनहि प्रसिद्ध चित्र ‘चिमुकलीची अखेरची शय्या’ (१८५८) हें होय. मृत बालिका निजली आहे आणि घरचीं माणसें दुःखांत बुडालीं आहेत. ज्या काळीं घरोघर मुलें दगावत, त्या काळीं हें चित्र पाहून कित्येक मातांना आपलें घर आठवलें असेल. तिच्या चित्रांत भावनेचा गोडवा जरा अधिक आहे असें पुढील पिढीनें म्हटलें, आणि तें अगदींच खोटें नाहीं. तथापि गरिबाच्या झोंपडींतील दुःख तिनें कधीं थट्टेचा विषय केलें नाहीं.

१८६४ सालीं कलापीठानें स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला. ईव्हा बोनियर व हाना हिर्श ह्या पुढील नामांकित चित्रकर्त्री तेथें शिकल्या, तेव्हां त्यांना सवलत मागावी लागली नाहीं. अमालिया १८९१ च्या डिसेंबरांत वारली. पॅरिस (१८६७) व फिलाडेल्फिया (१८७६) येथील प्रदर्शनांत मांडलेली तिची ती ‘चिमुकली’ १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांतहि गेली. तेव्हां तिला रंगविणारी मात्र हयात नव्हती.