गाण्यावर नाही, अख्ख्या अल्बमवर भांडतात ते का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत त्याचे मित्र गावी आले होते. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून पिंक फ्लॉइड, येस, क्वीन अशा नावांवरून मध्यरात्र उलटेपर्यंत त्यांचा वाद रंगला. कोणतं गाणं चांगलं यावर नव्हे, कोणता अल्बम चांगला यावर! हे ‘आर्ट रॉक’ म्हणजे नेमकं काय? अख्ख्या अल्बमचं एवढं काय असतं? आणि आपल्याकडच्या कुणाचा या संगीताशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, राळेगणसिद्धी (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : मुलं योग्य गोष्टीवर भांडत होती. या संगीतात सुटं गाणं हा एक तुकडा असतो आणि पूर्ण रचना म्हणजे अल्बम. म्हणून चाहत्यांच्या आठवणीही अल्बमच्या असतात आणि वादही अल्बमचेच.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः ब्रिटनमध्ये, रॉक वाजवणाऱ्या काही मंडळींना तीन मिनिटांचं नाचाचं गाणं अपुरं वाटू लागलं. गिटार आणि ड्रम्सच्या जोडीला त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, नाटक, कविता, इलेक्ट्रॉनिक वाद्यं असं सगळं घेतलं आणि बसून, लक्ष देऊन ऐकायचं रॉक तयार केलं. तेच आर्ट रॉक. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे त्याचं सख्खं भावंड. दोघांमधली सीमारेषा चाहत्यांनाही काटेकोरपणे आखता येत नाही.

याला तंत्रज्ञानाची साथ मिळाली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली. तिचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागलं. १९६७मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ने ही जागा एकसंध वापरून दाखवली, गाण्यांचे शब्दही वेष्टनावर छापले. १९७२मध्ये ‘येस’ने ‘क्लोज टू द एज’ची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिली. त्याच वर्षी ‘जेथ्रो टल’ने ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच गाणं केलं आणि वेष्टन चक्क वर्तमानपत्रासारखं काढलं.

क्रमाचं महत्त्व तुम्हाला वेगळं सांगायला नको. वारकरी भजनात रूपाचे अभंग आधी येतात, गौळण मागाहून येते आणि पसायदानाने सांगता होते. मधलाच एखादा अभंग मोबाइलवर लावला तर अभंग ऐकायला मिळतो, भजन मिळत नाही. अल्बमचंही तसंच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३मध्ये आला. लांबी सुमारे ४३ मिनिटं. सुरुवातीला हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि शेवटीही तेच ठोके विरत जातात. मधे काळ, पैसा, मरण, वेड हे विषय एकात एक मिसळत येतात. ‘टाइम’ या गाण्याच्या तोंडी एकदम खणखणणारी घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती. ‘मनी’ हे गाणं नाण्यांच्या आवाजावर सुरू होतं आणि सात मात्रांत चालतं. आपल्या रूपक तालाच्याही सातच मात्रा, म्हणून हातावर मोजून पाहा. सॅक्सोफोन याच सातांत वाजतो. गिटारचं एकल वादन सुरू होताच चाल चार मात्रांची होते आणि गाणं बेफाम सुटतं. पुढे पुन्हा सात. हा बदल ज्या दिवशी कानाला कळतो, त्या दिवशी माणूस या संगीताचा कायमचा चाहता होतो.

आता वादाचं बोलू. या चाहत्यांच्या बैठकीत हमखास भांडण लावणारा अल्बम म्हणजे ‘येस’चा १९७३चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. दोन तबकड्या, चार बाजू आणि चारच रचना. गायक जॉन अँडरसन यांना ही कल्पना परमहंस योगानंदांच्या पुस्तकातल्या एका तळटीपेवरून सुचली. तेच पुस्तक, जे मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून घरोघरी आहे. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशा चार प्रकारच्या शास्त्रांवर या चार बाजू बेतल्या आहेत. काहींना ही रचना डोंगराएवढी वाटते, काहींना उगाच ताणलेली. खुद्द कीबोर्ड वाजवणारे रिक वेकमन त्यावर नाराज होते आणि १९७४मध्ये बँड सोडून गेले. माझं मत विचाराल तर पहिली आणि चौथी बाजू उत्तम, दुसरी लांबलेली. पण चारही बाजू ऐकल्याशिवाय असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अभिमानाने देतो : संबंध आहे, आणि जवळचा आहे. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला १९४६मध्ये जन्मलेले फारुख बलसारा. हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहावर आला. पियानो तिथेच शिकला. १९५८मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे १९७५मध्ये क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ आला. त्यातली ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांची. मधल्या ऑपेराच्या भागात बँडमधल्या तिघांचेच आवाज एकावर एक इतक्या वेळा मुद्रित केले आहेत की अख्खा गायकवृंद उभा राहिल्याचा भास होतो. एवढं लांब गाणं रेडिओवर चालणार नाही असं जाणकार सांगत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

दुसरं नाव नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचा हा मुलगा रॉकमध्ये रमला. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा रंगमंचाआधी, १९७०मध्ये, अल्बम म्हणून जगापुढे आला होता. १९७४मध्ये अलेक पदमसी यांनी तो मुंबईत उभा केला, तेव्हा नंदूंनी ज्यूडास गाजवला. १९७८मध्ये पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तोच रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर घुमला. २०१४मध्ये ते गेले. मराठी रॉकची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही.

ऐकणाऱ्यांचाही इतिहास आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून एखादी तबकडी मागवायची आणि मग मित्रांनी ती कॅसेटवर भरून घ्यायची, अशी रीत होती. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे तबकड्या-कॅसेटचं दुकान म्हणजे या मंडळींची पंढरी. ते २०१६मध्ये बंद झालं. २००७मध्ये पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स मुंबईत आले आणि त्यांनी ‘डार्क साइड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. त्यातली सुटी गाणी निवडली नाहीत. चाहते आजही ती रात्र सांगतात, यात नवल नाही.

आणि अख्खी मालिका क्रमाने ऐकण्याचं वेड आपल्याला नवं नाही. गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ १९५५-५६मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक असं ५६ गीतांचं झालं. तेव्हाच्या श्रोत्यांनी त्यावर जेवढ्या गप्पा मारल्या, तेवढ्याच जिव्हाळ्याने तुमचा मुलगा ओट्यावर बोलत होता.

तेव्हा पुढच्या वेळी तो घरी आला की ‘डार्क साइड’ लावायला सांगा. ४३ मिनिटं फोन बाजूला ठेवा, मधलं एकही गाणं ओलांडू नका. इंग्रजी शब्द समजले नाहीत तरी अडत नाही. घड्याळं, नाणी आणि ठोके पुरेसं सांगतात. ऐकून झाल्यावर आवडलं की नाही ते मुलाला स्पष्ट सांगा आणि आम्हालाही जरूर कळवा.