दुसऱ्याची श्रद्धा, त्याच्याच अर्थाने

‘मुसलमान काबागृहाची पूजा करतात,’ असे कोणी लिहिले की आपले मन दुखावते. काबा ही नमाजची दिशा आहे, उपासना केवळ अल्लाहची, हे आपण पुन्हा पुन्हा समजावून सांगतो. पण आपल्या घरात इतर धर्मांविषयी बोलताना हीच काळजी घेतली जाते काय? एखाद्या समूहाशी वैर असले तरी न्यायाने साक्ष द्या, असा दिव्य कुरआनचा आदेश आहे (सूरह अल-माइदा, आयत 8). मुलांना शेजाऱ्याचा धर्म समजावून सांगणे हीदेखील साक्षच होय.

ही साक्ष कशी द्यावी, याचा धडा अल-बिरूनी यांनी घालून दिला. ख्वारिज्म येथे 973 साली जन्मलेला हा विद्वान संस्कृत शिकला, पतंजलींचा योगविषयक ग्रंथ त्याने अरबीत आणला आणि 1030 च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ पूर्ण केला. ऐकीव माहितीवर विसंबण्याऐवजी हिंदूंचे म्हणणे त्याने त्यांच्याच ग्रंथांतून मांडले. मुसलमानाची खूण जशी कलिमा, ख्रिस्ती माणसाची त्रैक्य आणि यहुद्याची शब्बाथ, तशी हिंदूची खूण पुनर्जन्म, असे त्याचे निरीक्षण आहे.

यांतील शब्बाथची खूण कोकणानेही ओळखली होती. तेथील बेने इस्राईल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव पडले. किताबुल हिंद त्या गावकऱ्यांनी कुठून वाचलेले असणार!

त्रैक्याविषयी मात्र जपून बोलावे. ख्रिस्ती लोक पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना तीन देव नव्हे, एकच परमेश्वर मानतात. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे दास व प्रेषित आहेत, ही आपली श्रद्धा निःसंदिग्ध आहे. तथापि मतभेद नोंदवायचा तो त्यांच्या खऱ्या म्हणण्याशी.

सर्वाधिक गोंधळ पुनर्जन्माविषयी होतो. आपल्या श्रद्धेनुसार ऐहिक जीवन एकदाच, नंतर मृत्यू, पुनरुत्थान आणि हिशेब. त्यामुळे ‘पुन्हा जन्म’ म्हणजे पुन्हा मिळालेली संधी, असे आपण सहज समजतो. हिंदू विचारात तो प्रामुख्याने बंधन आहे. कर्मानुसार देह बदलत राहण्याच्या फेऱ्यातून सुटका म्हणजे मोक्ष. त्यातही वारकरी संतांची वाट निराळी. त्यांनी मुक्तीहून भक्ती थोर मानली आणि तिच्यासाठी पुन्हा जन्म घेण्याचीही तयारी दाखविली! जैन मतात कर्म हे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य आहे, जगाचा निर्माता ईश्वर नाही आणि तीर्थंकर हे अवतार नव्हेत.

बौद्ध मत तर नित्य आत्माच मानत नाही. मग जन्म कोणाचा? एका दिव्याने दुसरा दिवा पेटावा, ज्योत चालू राहावी, पण एका दिव्यातून दुसऱ्यात काहीच गेलेले नसावे, अशी उपमा बौद्ध परंपरेत दिली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनीही आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आहे. तेव्हा आपल्या मोहल्ल्यालगतच्या बौद्ध वस्तीतील माणसाला ‘तुमच्यात आत्मा दुसऱ्या देहात जातो ना?’ असे विचारले, तर त्याच्या माथी आपण दुसऱ्याचीच श्रद्धा मारलेली असते.