ताडपत्रीखालच्या बाईचं दुखणं

झोपड्या तुटल्या की दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी ताडपत्र्या उभ्या राहतात. आपण चादरी देतो, डाळभात देतो. पण तिथल्या बाईला तांब्याभर पाणी द्या, ती दोन घोट घेऊन ठेवून देते. विचारलं तर म्हणते, "पिऊन जायचं कुठं, ताई?"

मुंबईत नर्स असताना अशा बाया रोज यायच्या. दिवसभर लघवी कोंडायची आणि अंधार पडल्यावर दोघी-तिघींनी मिळून जायचं. पाणी कमी आणि लघवी अडवलेली, मग जंतूंना मोकळं रान. जळजळ होते, सारखी लागते, ओटीपोट दुखतं. "उष्णता झाली" म्हणून सब्जा पिऊन दिवस काढतात. सब्जानं जंतू मरत नाहीत. गरोदर बाईला तर फार धोका. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले की थंडी वाजून ताप येतो, पाठीत बरगडीखाली दुखतं आणि दिवस भरायच्या आधी कळा सुरू होऊ शकतात. सातव्या महिन्यातल्या एकीनं आठ दिवस ताप अंगावर काढला होता. बाळ दीड किलोचं झालं. वाचलं. लघवीची साधी तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, एवढ्यानं ते टळलं असतं.

आपल्या वस्तीतल्या संडासाला कुलूप असतं, किल्ल्या घरोघरी असतात. त्यातली एक त्यांना द्या. भांडण होणार, "आधीच रांग, त्यात हे बाहेरचे." ते भांडण सोसा. रात्री विहाराचा संडास उघडा ठेवता आला तर उत्तमच.

कागद शेडबरोबर गेले म्हणून बाया दवाखान्यात जात नाहीत. कागद नाहीत म्हणून सरकारी दवाखान्याला बाळंतिणीला परत पाठवता येत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून तिथली तपासणी, बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण मोफत आहे. खिडकीवरून एकटी बाई परत फिरते, सोबत दुसरी असली तर फिरत नाही. वस्तीत येणाऱ्या आरोग्यसेविकेला ताडपत्र्यांपर्यंत घेऊन जा, माता-बाल कार्ड नवं मागा, लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू करा.

शहरात लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा कायम निवारा असावा, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं ठरवलं होतं. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज जरूर करा. निवारा मिळेपर्यंत संडास मात्र आज रात्रीच लागतो.

गरोदर बाईला हुडहुडी भरून ताप आला, पाणी किंवा रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. पत्ता म्हणून आपल्या घराचाच सांगा आणि गाडी येईपर्यंत रस्त्यावर उभ्या राहा.