पाचनईचा ओढा

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर आपल्या डोक्यावर ऊन आहे की पाऊस, याला फारसा अर्थ नसतो. वर तारामती शिखरावर काय चाललंय ते बघायचं. गडाच्या वाटांमध्ये पाचनई गावातून येणारी वाट सोपी, म्हणून आम्ही सासूबाईंनाही आणलं होतं. उतरताना लख्ख उघडीप होती. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा समोर आला, तसा गावातून सोबत घेतलेला वाटाड्या हात आडवा घालून उभा राहिला. "थांबा मावशी, पानी गढुळलं."

सकाळी तळाचे गोटे दिसत होते. आता पाणी चहासारखं झालेलं. वरून कारवीचा पाला, काटक्या वाहत येत होत्या, आणि खळखळ जाऊन आवाजाला घुमारा आला होता. बघता बघता पाय ठेवायचे दगड बुडाले. मागून आलेली पोरं हातांची साखळी करून उतरायच्या बेतात होती. त्यांना त्याने चक्क शिव्या देऊन मागे ओढलं. त्या शिव्यांचे वेगळे पैसे द्यायलाही मी तयार होते.

कड्याच्या पोटात अंग चोरून बसलो. सांजावता सांजावता पाणी ओसरलं. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं पीत नाही आणि उतार उभा. त्यामुळे असे ओढे झपाट्याने चढतात आणि वरचा पाऊस थांबला की बरेचदा तसेच उतरतात. अशा वेळी नुसतं बसून राहायचं. मात्र बसायला वेळ हाताशी हवा, म्हणून दुपारी लवकर गड सोडायचा. पिशवीत टॉर्च, कोरडा सदरा आणि खायला काहीतरी ठेवायचं. गुडघ्याच्या वर ओढ असेल तर दोर आहे म्हणून धाडस करू नये.

याच गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभं शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. भर पावसात गुहेसमोरूनच जोराचा ओढा वाहतो. तिथे हिवाळ्यात जावं. साम्रद गावची सांदण दरी तर पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, पाणी आलं तर चढायला जागाच नाही. रंधा धबधब्याचं गणित आणखी निराळं. तो भंडारदरा धरणाच्या खाली, प्रवरेवर. धरणातून पाणी सोडलं की आभाळ कोरडं असूनही नदी फुगते. काठावरच्या ओल्या, शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी उभं राहणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही.

पाऊस सरल्यावर लेण्यांत आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं. पाण्यात उडी घेऊ नये.

अडचणीत मदतीसाठी 112 लावायला रेंज लागते आणि दरीत ती बहुधा नसते. गावात ज्या घरी जेवायला पिठलं-भाकरी सांगितली असेल तिथे कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार ते सांगून निघा. उशीर झाला तर पहिली शोधायला येतात ती त्याच घरची माणसं. गाडीवर आपल्या घरचा नंबर चिकटवून ठेवा. वाटाड्याचे पैसे आदल्या रात्रीच ठरवा, आणि फार घासाघीस करू नका.