घरचा लॅपटॉप: स्वस्तातला, मोफत सॉफ्टवेअरचा, रोजच्या कामाचा



गेल्या महिन्याभरात तीन-चार जणांनी ऑफिसात येऊन एकच प्रश्न विचारला. "सेक्रेटरी, पोराच्या अभ्यासाला आणि आमच्या हिशेबाला लॅपटॉप पाहिजे, पण चाळीस हजार कुठनं आणू?" चाळीस हजारात जाळी येतात, होडीची डागडुजी होते. म्हणून आज याच विषयावर सविस्तर लिहितोय.

आधी माझीच गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगेचं पाणी घरात शिरलं आणि हिशेबाच्या वह्या भिजून लगदा झाल्या. पुढं कर्जाचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा आधीच्या दोन वर्षांत मासळी किती, उत्पन्न किती, हे दाखवायला एक कागद नव्हता. मग एक जुना लॅपटॉप घेतला आणि सगळं त्यात भरलं. वर्षभरानं तो एके सकाळी चालूच होईना. दुसरीकडं प्रत ठेवलेली नव्हती. म्हणजे एकदा पाण्यानं नेलं, एकदा माझ्या आळसानं. तुमचं तसं होऊ नये.

जुना लॅपटॉप टाकाऊ नसतो

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळं चांगल्या हालतीतली यंत्रं लोक स्वस्तात काढून टाकतात. अशा यंत्रावर लिनक्स घातलं की ते पुन्हा कामाला लागतंय.

लिनक्स म्हणजे काय? विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कालवणाची कृती कुणी लपवली नाही तर गावभर होते आणि जो तो त्यात सुधारणा करतो, तसं हे. यालाच ओपन सोर्स म्हणतात. परवान्याचे पैसे नाहीत. नवख्या माणसाला लिनक्स मिंट हा प्रकार सोपा जातो. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनं बॉस लिनक्स केलंय, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत.

घेताना काय बघायचं

रॅम किमान ४ जीबी, ८ असेल तर उत्तम. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. वेगात सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो. बॅटरी किती वेळ टिकते, चार्जर बरोबर आहे का, कीबोर्डची सगळी बटणं चालतात का, हे दुकानातच बघा.

दुसऱ्याची होडी विकत घेताना आपण आधी पाण्यात घालून बघतो की नाही? लिनक्सचंही तसंच. ते पेनड्राइव्हवर घालून, लॅपटॉपवर न बसवता, चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतो का ते तपासा. पटलं तरच बसवा. बसवताना जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं, म्हणून फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडं काढून ठेवा.

काय चालतं, काय अडतं

ब्राउझरमध्ये उघडणारं जवळपास सगळं चालतं: बँकेचं संकेतस्थळ, व्हॉट्सअॅप वेब, युट्यूबवरचे धडे, आणि मच्छिमारांच्या नोंदणीचा केंद्र सरकारचा एनएफडीपी हा प्लॅटफॉर्म. पत्र आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस मोफत आहे.

अडतं कुठं तेही सांगतो. टॅली थेट चालत नाही. अंगठ्याची काही यंत्रं आणि काही प्रिंटर फक्त विंडोजवर चालतात. नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली तर अक्षरं वेडीवाकडी दिसतात. म्हणून नवीन काहीही लिहिताना युनिकोडच वापरा, ते कुठंही वाचता येतं.

मराठी आणि कन्नड, एकाच बोटांनी

आपल्या सीमाभागात ही मोठी सोय आहे. घरात मराठी, कार्यालयात कन्नड. लिनक्समध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळी भाषा ठेवता येते. सगळं भाषांतर झालेलं नसतं, काही ठिकाणी इंग्रजी राहतंय. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट निवडा. १९९१ च्या भारतीय मानकात असलेल्या या मांडणीत सगळ्या भारतीय लिपींची अक्षरं त्याच जागी असतात. के आणि मग ई दाबलं की मराठीत 'का' उमटतो. भाषा कन्नड केली की त्याच बटणांवर कन्नड लिपीतला 'का'. पोरांनी एकदा शिकलं की अर्ज लिहायला दुसऱ्याकडं जायला नको.

नुसतं यंत्र आणून भागत नाही

२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या वीस-बावीस मुलांच्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले होते. त्यावर लिनक्सच होतं, आणि पडदा उन्हातही वाचता येई. शंभर डॉलरला द्यायचे ठरलेले, पण किंमत दोनशेच्या जवळ गेली. पेरू देशात हेच लॅपटॉप फार मोठ्या संख्येनं वाटले. पुढं तिथल्या शाळांची पाहणी झाली, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. यंत्र वाईट नव्हतं. पण नुसतं यंत्र हातात दिलं म्हणून अभ्यास होत नाही. त्याला रोजचं ठरलेलं काम लागतं.

म्हणून घरात एक काम ठरवा. रोज संध्याकाळी मासळी विकून आल्यावर दहा मिनिटं. पोरगं किंवा पोरगी टाइप करेल, आई-वडील सांगतील. लिब्रेऑफिसच्या तक्त्यात रकाने असे: तारीख, जागा, मासळीचा प्रकार, किलो, दर, एकूण, व्यापारी, मिळाले, बाकी, खर्च. समजा रोहू १२ किलो, दर १४० रुपये. एकूणच्या रकान्यात बरोबरचं चिन्ह टाकून किलो गुणिले दर असं सूत्र द्या, १,६८० आपोआप येईल. व्यापाऱ्याकडं बाकी किती, भागीदाराचा वाटा किती, यावर वाद झाला तर तारीखवार उत्तर तयार. पोराचं गणितही त्यात होतंय.

शेवटचं, आणि माझ्या चुकीतनं शिकलेलं. आठवड्यातनं एकदा, बाजाराच्या दिवशी, ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या. महिन्याला एक कागदी प्रत काढून प्लास्टिकच्या पिशवीत उंच जागी ठेवा. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. पूर आला तर दोन्ही एकदमच जातील. ओल्या हातानं लॅपटॉपला हात लावू नका, आणि वीज कमी-जास्त होत असेल तर चार्जर काढून ठेवा.

लिनक्सची पेनड्राइव्ह ऑफिसात तयार करून ठेवलीय. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर घेऊन या, बसून करून बघू. येताना पोरांनाही आणा, कारण पुढं चालवायचं त्यांनीच आहे.

आपला,
सेक्रेटरी