अर्धा ओला, अर्धा कोरडा

बाळ, गुरुवारी पहाटे ट्रेलर जोडून तू शिरोलीवरून निघशील. तिथं लागलेला राष्ट्रीय महामार्ग ४८ मग सोडायचाच नाही. बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, कृष्णगिरी, वेल्लोर करत तोच तुला श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकपाशी नेऊन सोडतो. सुमारे नऊशे किलोमीटर. आमच्या वेळी आम्ही एका दमात जायचो आणि शुक्रवारी सरावाला डोळे चुरचुरत उतरायचो. तू तसं करू नकोस. बेंगळुरूच्या अलीकडे मुक्काम कर. पावसाळी शर्यतीत पहिली चूक पायाची नसते, डोळ्याची असते, आणि झोप न झालेल्या डोळ्याला ओलं डांबर आणि कोरडं डांबर सारखंच दिसतं.

गाडी कशी चालवायची ते मी सांगत नाही. मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर तू ते शिकली आहेस, आणि तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मला सांगायचंय ते पावसाचं. त्यातही सलग पावसाचं नाही. येतो येतो म्हणत न येणाऱ्या आणि नाही नाही म्हणत धो धो कोसळणाऱ्या पावसाचं. १९९० साली इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांतच मी तिथं गाडी घेऊन गेलो, आणि त्या पावसाकडून मी बराच मार खाल्लाय.

आधी तिथलं आभाळ समजून घे. आपला पाऊस गगनबावड्याकडून येतो, बसतो आणि दोन-दोन दिवस झड लागते. उद्यमनगरातल्या गॅरेजात बसून आपण सांगू शकतो की आज काही उघडत नाही. चेन्नईकडे जुलै-ऑगस्टमध्ये तसं नसतं. तिथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. आता पडतो तो आपल्या वळवासारखा: दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन, मग पश्चिमेला जमिनीच्या बाजूनं ढग चढतात, आणि संध्याकाळकडे गडगडाट करत सर येते. वीस मिनिटांत सगळं जलमय, पुढच्या अर्ध्या तासात परत ऊन. म्हणून तिथं समुद्राकडं बघत बसू नकोस. वेल्लोरच्या बाजूला, म्हणजे ज्या रस्त्यानं तू आलीस त्याच बाजूला, बघ. चेन्नईच्या डॉप्लर रडारचं चित्र हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. दर वेळी फक्त एकच चित्र बघू नकोस, लागोपाठची तीन-चार बघ. ढग कुठं आहे यापेक्षा तो कुठं सरकतोय आणि वाढतोय की विरतोय, हे महत्त्वाचं. आणि पॅडॉकमध्ये उभी असताना उकाड्यात एकदम गार वाऱ्याचा झोत आला, धूळ उठली, तर रडार बाजूला ठेव. तो वारा सरीच्या पुढं धावत येतो. तुझ्या हातात तेव्हा काही मिनिटंच असतात.

आता टायरचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शर्यत इथंच जाते.

आपल्या शर्यती छोट्या. दहा-बारा फेऱ्यांत टायर बदलायला पिटमध्ये शिरलीस तर शर्यत तिथंच संपली. म्हणजे निर्णय ग्रिडवर, सुरुवातीच्या आधी. एका रविवारी मी दुसऱ्या ओळीत होतो. ढग दाटलेले, चार थेंब पडले, आणि शेजारच्या गाडीला पोरं रेन टायर चढवायला लागली. ते बघून मी पण ओरडलो, चढवा. चढवले. पाच मिनिटांनी हिरवा झेंडा पडला तेव्हा ऊन होतं. चौथ्या फेरीपर्यंत त्या मऊ टायरांच्या नक्षीचे तुकडे उडायला लागले, स्टिअरिंग हातात लोण्यासारखं झालं, आणि माझ्या मागं सुरू झालेल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. ढगानं माझं नुकसान केलं नव्हतं. शेजाऱ्याकडं बघून मी ठरवलं होतं, ते नडलं.

तेव्हापासून मी वहीत आधीच लिहून ठेवतो, शनिवारी रात्री, ताडपत्रीखाली कोरड्यात बसून. पुढच्या गाडीच्या चाकामागं फवारा उडतोय का? सरळ रस्त्यावर डांबर चमकतंय की नुसतं काळं दिसतंय? पाणी साचून उभं आहे की नुसतं ओलं आहे? तीन प्रश्न, आणि प्रत्येकासमोर टायर. ग्रिडवर फक्त वही उघडायची. तिथं डोकं चालवायचं नाही, कारण तिथं डोकं चालत नाही. आणि प्रश्न ‘आत्ता पाऊस आहे का’ असा कधीच विचारू नकोस. ‘शर्यतीच्या शेवटच्या पाच फेऱ्यांत ट्रॅक कसा असेल’ असा विचार. ट्रॅक वाळत असेल तर कोरड्याचे टायर घेऊन पहिल्या तीन फेऱ्या सांभाळून काढ, चार जागा गेल्या तरी जाऊ देत. नंतर त्या परत मिळतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोक इथंच घाबरून चुकतात.

हवेचं गणित तुला माहीत आहे, तरी सांगतो. टायर साधारण साडेपाच अंश तापला की हवा एक पौंड चढते. कोरड्यात तू गरम टायरला तीस पौंड धरतेस म्हणून थंड असताना चोवीस-पंचवीसवर सुरू करतेस. ओल्यात टायर तेवढा तापतच नाही, म्हणून सुरुवातच दोन-तीन पौंड वर कर. दुसरं कारण मोठं आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग हवेवर अवलंबून असतो. हवा कमी तर टायर लवकर तरंगतो. पंचवीस पौंडाला, पाणी खोल असेल आणि टायरची नक्षी झिजलेली असेल, तर ऐंशी-पंच्याऐंशीच्या वेगालाही हे होऊ शकतं. खूण अशी की स्टिअरिंग एकदम हलकं होतं, आणि वेग न वाढता इंजिनचा काटा वर पळतो. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही. पाय अलगद उचल, चाक सरळ धर, गाडीला खाली बसू दे.

आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळं मागचे टायर फार उशिरा तापतात. पहिल्या दोन फेऱ्यांत वळणाच्या मध्यावर घाबरून पाय एकदम काढलास की मागचा भाग भोवऱ्यासारखा फिरतो. नवे टायर दोनच असतील तर ते मागं लाव, लोक काहीही सांगोत. ओल्यात मागचा अँटिरोल बार सोडवून ठेव. दोन नट आहेत, शनिवारीच पाना लावून मोकळे करून बघ, ऐन वेळी गंजलेले निघतात.

सर पडायला लागली की पहिली दहा मिनिटं सगळ्यात वाईट. इतक्या दिवसांची धूळ, तेल आणि टायरचं रबर पाण्यावर येतं. नेहमीची रेसिंग लाइन, जिथं रबर बसलंय, तीच सगळ्यात निसरडी होते. वळणात एक गाडीभर बाहेरून जा, खडबडीत डांबर शोध. लांब पडतं, पण चाक पकडतं. रंगवलेले कर्ब आणि पांढऱ्या रेषा यांना शिवूसुद्धा नकोस. सी-वनला, म्हणजे पहिल्या वळणाला, भरधाव जाताना तर नकोच. आणि हे लक्षात ठेव की ट्रॅक पावणेचार किलोमीटरचा आहे. एका टोकाला सर कोसळत असताना दुसरं टोक कोरडं ठणठणीत असतं. प्रत्येक फेरीत ट्रॅक नवा समजायचा. मार्शलच्या हातात पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा दिसला की पुढं निसरडं आहे. मागच्या फेरीत तिथं पकड होती, हा विचार तेव्हा कामाचा नाही.

ट्रॅक वाळायला लागला आणि तू रेन टायरवर असलीस, तर सरळ रस्त्यावर मुद्दाम लाइन सोडून ओल्या कडेनं चाल. टायर गार राहतात. ब्रेक मारताना परत कोरड्यात ये.

बाकी लहानसहान गोष्टी. बुटाचा तळवा ओला असेल तर पाय पेडलवरून सटकतो. गाडीपर्यंत चपलेत जा, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव, आणि बसताना तळवा टॉवेलनं पुसून मगच पाय आत घे. काच आतून धुकते, कारण ओला सूट, घामेजलेलं अंग आणि बंद काच. भांड्याच्या साबणाचं पाणी आतून लावून कोरड्या फडक्यानं पुसून काढ, बराच वेळ टिकतं. बाहेरून, वायपरनं दगा दिलाच तर, ट्रकवाले करतात तसं तंबाखूची पानं ओली करून काचेवर घास, पाणी घसरून जातं. सरीनंतर पहिला ब्रेक लागत नाही. सरळ रस्त्यावर डाव्या पायानं हलकेच दाबून डिस्क वाळवत राहा. भडंग आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेव. बंद गाडीत उकाड्यानं अंगातलं पाणी जातं आणि पाऊस पडतोय म्हणून ते लक्षातही येत नाही.

एक गोष्ट मात्र तुला कुणी स्पर्धेच्या ब्रिफिंगमध्ये सांगणार नाही. पुढचं काहीच दिसत नसेल, फवाऱ्यात फक्त एक तांबडा दिवा दिसत असेल आणि तोही मधेच नाहीसा होत असेल, तर पिटमध्ये ये. मला फोन करून कारण सांगायची गरज नाही. रेन टायर चढवलेल्या त्या रविवारी शेवटचा आलो म्हणून मी आठ दिवस कुणाशी बोललो नव्हतो, आणि घरून आमची अक्का रोज डबा गॅरेजात पाठवत होती, न विचारता. तुझी आई तशीच आहे. ती शनिवार-रविवार मोबाइल हातातच धरून बसणार आहे. निकालाचा कागद बघायच्या आधी, हेल्मेट काढल्या काढल्या, तिला फोन कर.

शेवटच्या फेरीनंतर गाडी सावकाश फिरवून आणताना प्रत्येक वळणावरच्या मार्शलला हात कर. ती माणसं दिवसभर तुझ्यासाठी भिजत उभी असतात, आणि बहुतेक जण हौसेनं येतात.

आणि रविवारी रात्री आवरताना ओली ताडपत्री घडी करून टायरांच्या खाली दाबू नकोस, बुरशी लागते. वर मोकळी टाक. मंगळवारी आलीस की उद्यमनगरात गॅरेजच्या पत्र्यावर आपण दोघं मिळून ती वाळत घालू, आणि तेव्हा मला पहिल्यापासून सांग, कुठल्या वळणावर किती ओलं होतं ते.