दाहशामक औषधाचे मर्म : प्रा. जॉन वेन यांचे संशोधन

(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांकरिता पूरक पाठ)

उद्देश : वनस्पतीचा औषधी गुण ठाऊक असणे व त्या गुणाचे कारण कळणे, यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे.

प्रस्तावना : पायात काटा मोडला असता काय होते, हा प्रश्न प्रथम विचारावा. जागा लाल होते, सुजते, गरम लागते व ठणकते, ही उत्तरे मुले स्वानुभवाने देतील. ही चार लक्षणे फळ्यावर लिहून या अवस्थेस शास्त्रात ‘दाह’ म्हणतात, असे सांगावे.

विषयविवेचन : आपल्या नद्यांच्या काठी वाळुंजाचे झाड आढळते. त्याच्या जातभाईंची साल ज्वर व वेदना यांवर पुरातन काळापासून वापरली जात असे. इंग्लंडातील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने ही साल वाळवून तिचे चूर्ण सुमारे ५० थंडीतापाच्या रुग्णांस दिले व आलेला गुण १७६३ साली रॉयल सोसायटीस कळविला. १८२८ मध्ये बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने सालीतील कडू द्रव्य वेगळे काढले. पुढे त्याच्याशी संबंधित रसायनापासून अ‍ॅस्पिरिन तयार होऊन १८९९ मध्ये विक्रीस आले. घरोघरी ते पोहोचले. परंतु शरीरात ते नेमके काय करते, हे आणखी सत्तर वर्षे कोणास उमगले नाही.

हे कोडे उलगडणारे जॉन वेन १९२७ साली इंग्लंडात जन्मले. बाराव्या वर्षी त्यांस रसायनाच्या प्रयोगांची पेटी मिळाली. स्वयंपाकघरात प्रयोग करताना लहानसा स्फोट होऊन नव्याने रंगविलेल्या भिंती खराब झाल्या. वडिलांनी प्रयोग बंद पाडले नाहीत. बागेत लाकडी खोपटे बांधून तेथे त्यांची सोय करून दिली.

बर्मिंगहॅम विद्यापीठात वेन यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली खरी, पण तेथील ठरीव पद्धतीच्या प्रयोगांस ते कंटाळले. तेव्हा प्राध्यापकांनी त्यांस ऑक्सफर्ड येथे औषधशास्त्राच्या अभ्यासास पाठविले. हा विषय कोणता, हे पाहण्यासाठी त्यांस ग्रंथालय गाठावे लागले! पुढे लंडन येथे ते त्याच विषयाचे प्राध्यापक झाले.

इजा झाली असता शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व त्यांमुळे सूज आणि वेदना वाढतात. गिनीपिगच्या फुप्फुसाचा लगदा ही द्रव्ये तयार करू शकतो. वेन यांनी त्यात अ‍ॅस्पिरिन मिसळले, तेव्हा ती कमी निपजू लागली. अ‍ॅस्पिरिन जितके अधिक, तितकी द्रव्ये कमी. हा शोध १९७१ साली प्रसिद्ध झाला. याच द्रव्यांपैकी काही जठराच्या अस्तराचे रक्षण करतात. म्हणूनच अ‍ॅस्पिरिनने पोटास अपाय होतो, हेही त्यामुळे कळून आले. १९८२ मध्ये बेर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन या स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत वेन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. २००४ साली त्यांचे निधन झाले.

आरोग्यविषयक सूचना : ताप आलेल्या मुलास अ‍ॅस्पिरिन देऊ नये. फ्लू अथवा कांजिण्यांसारख्या आजारात ते दिल्यास मेंदू व यकृत यांस इजा करणारा, क्वचित होणारा परंतु प्राणघातक विकार संभवतो. गोळी स्वतःच्या विचाराने न देता शिक्षकांनी पालकांस कळवावे व मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे.

उपक्रम : गावात औषधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. त्यात नाव, वापरावयाचा भाग व उपयोग यांसोबत ‘गुण का येतो?’ असा चौथा रकाना ठेवावा. माहीत नसल्यास तो कोराच राहू द्यावा. कोणतेही पान वा साल मुलांस चाखू देऊ नये.

प्रश्न : (१) दाहाची लक्षणे सांगा. (२) स्टोन व वेन यांच्या कार्यात फरक कोणता? (३) वेदना शमविणारे औषध पोटास अपाय का करते?

तक्त्यातील कोरा रकाना पाहून एखाद्या मुलाने ‘का?’ असे विचारले, तर पाठाचा उद्देश सफल झाला असे समजावे.